लग्न मी लावलं, पण ते झालं होतं आधीच

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' थोडे गाळलेत. बाकी जसं बोलले तसं.)

मागच्या भागात मी बोलता बोलता सांगून गेले की जूनमध्ये इथे जर्मनीत मी एक लग्न लावलं. हो, गुरुजींच्या जागी मी उभी होते. त्यावर इतके मेसेज आले की म्हटलं चला, अख्खा भागच करू. निम्म्या लोकांनी विचारलंय, "ताई, त्याला लायसन्स लागतं का?" उरलेल्यांनी विचारलंय, "ते लग्न कायदेशीर असतं का?"

दोन्हीचं उत्तर 'नाही'. आणि पहिलं 'नाही' हे दुसऱ्या 'नाही'मुळे आहे. मी लावलेल्या लग्नाला कायद्याच्या दृष्टीने शून्य किंमत होती, म्हणून मला कोणी परवाना विचारला नाही. उद्या तुमच्या आत्येभावाने माइक हातात घेतला तरी जर्मन सरकार त्याला अडवणार नाही.

आधी थोडी ओळख. मुलगी पुण्याची, माझी मैत्रीण, स्टुटगार्टला नोकरी करते. मुलगा जर्मन, इथल्याच भागातला. नावं सांगणार नाही, गोष्ट सांगायची परवानगी घेतली आहे. (जाता जाता, स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. इथे द्राक्षांचे मळे अगदी शहरात आहेत, टेकडीच्या उतारावर. आमचा समारंभ अशाच एका मळ्यात झाला.)

जर्मनीत लग्न फक्त एका ठिकाणी होतं, ते म्हणजे श्टांडेसआम्ट. आपल्याकडच्या विवाह नोंदणी कार्यालयासारखं ऑफिस, पण फरक मोठा आहे. आपण तिथे बऱ्याचदा झालेल्या लग्नाची नोंद करायला जातो. इथे लग्न तिथेच लागतं. हा नियम १८७५ च्या कायद्याचा, बिस्मार्कच्या काळातला. राज्यसत्ता आणि कॅथलिक चर्च यांचं तेव्हा जोरदार वाजलं होतं, आणि लग्न लावायचा अधिकार पाद्र्यांच्या हातून काढून सरकारी अधिकाऱ्याला दिला गेला. १ जानेवारी १८७६ पासून अख्ख्या जर्मनीत हेच चालतं. नंतर कित्येक दशकं तर सरकारी लग्नाआधी चर्चमधलं लग्न लावायलाच मनाई होती. ती मनाई २००९ मध्ये उठली. पण चर्चमध्ये, देवळात, मळ्यात, कुठेही काहीही केलंत तरी कायद्याने नवरा-बायको तुम्ही श्टांडेसआम्टमध्येच होता.

म्हणून इथे 'फ्राये ट्राउंग' नावाचा प्रकार फोफावलाय. शब्दशः 'मोकळं लग्न'. ना चर्च, ना सरकार. तुम्ही ठरवाल ती जागा, तुम्ही ठरवाल ते शब्द, आणि समोर बोलणारा माणूस, एखादा पैसे घेणारा व्यावसायिक किंवा माझ्यासारखी मैत्रीण.

हॉलिवूडच्या सिनेमात मित्र इंटरनेटवरून 'पाद्री' होतो आणि लग्न लावतो, ते बघून गोंधळू नका. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ते खरंच चालतं, तिथे लग्न लावणाऱ्याची सही कागदावर जाते. स्कॉटलंडमध्ये २००५ पासून मानवतावादी पद्धतीचं लग्नसुद्धा कायदेशीर आहे. उलट फ्रान्समध्ये सरकारी लग्न झालंय का हे न बघता धार्मिक लग्नं लावत सुटलेल्या धर्मगुरूला शिक्षा होऊ शकते. थोडक्यात, ज्या देशात लग्न लागणार त्या देशाचं बघायचं.

आता आपल्याकडे काय? इथे मजा आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५, यात विधी हाच लग्नाचा गाभा आहे. सप्तपदी करत असाल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू लग्न होत नाही. जर्मनीत नेमकं उलटं, सात काय सत्तर पावलं चाला, कागद नसेल तर काही नाही.

माझ्या मैत्रिणीची आई म्हणाली होती, "अगं मग पुण्यातच लावू ना, गुरुजी आपले ओळखीचे आहेत." पण हा कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो (त्यात बौद्ध, जैन, शीख येतात). मुलगा ख्रिश्चन असेल तर कितीही विधी करा, या कायद्याखाली ते लग्न ठरत नाही. २००८ च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलंय. आपला मुलगा ख्रिश्चन घरातला. म्हणजे पुण्यातही त्यांना विशेष विवाह कायद्याचाच रस्ता होता. गुरुजींच्या हातून लागलेलं लग्न तिथेही प्रतीकात्मकच ठरलं असतं! हे ऐकून काकू दोन मिनिटं गप्प बसल्या.

कागदपत्रांवर फार वेळ घालवत नाही, पण ज्यांना करायचंय त्यांनी ऐका. परदेशी माणसाला इथे लग्न करायचं तर त्याच्या देशाने 'याच्या लग्नाला अडथळा नाही' असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. भारताकडून ते जर्मन कायद्याला हवं तसं मिळत नाही, म्हणून इथल्या उच्च प्रांतिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडून सूट मागावी लागते. ती सूट सहा महिनेच टिकते. त्यासाठी जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतरं. अपॉस्टिलचा शिक्का आमच्या वेळी चालला नाही, कागद भारतात तपासून घ्यावे लागले आणि त्यात महिने गेले. आणि हो, आपलं मधलं नाव! तिच्या पासपोर्टवर बाबांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये आहे. त्यामुळे श्टांडेसआम्टच्या बाईंनी अत्यंत गंभीर आवाजात तिला तिच्या आणि तिच्या बाबांच्या नावाने हाक मारली. बरीच जोडपी या सगळ्याला कंटाळून डेन्मार्कला जातात, तिथे कागद कमी लागतात. या दोघांनी इथेच धीर धरला.

तर फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, सकाळी अकरा वीसला, ते लग्न लागलं. मुहूर्त नाही, अपॉइंटमेंट. आम्ही सहा जण. अधिकारी बाई छान बोलल्या, दोघांना वेगवेगळं विचारलं, दोघं 'या' म्हणाले, कायद्याने पती-पत्नी झाल्याचं त्यांनी जाहीर केलं, सह्या. पंचवीस मिनिटं. साक्षीदारांची इथे सक्तीसुद्धा नाही, हवे तर आणा.

आणि इथे खरी अडचण सुरू झाली. तिचे आई-बाबा तेव्हा येऊ शकले नाहीत. एकाच वर्षात दोनदा व्हिसा, दोनदा तिकीट, जमणारं नव्हतं. ते जूनमध्ये येणार होते. फोनवर काकू एवढंच म्हणाल्या, "लग्न झालं म्हणतेस. मग जूनमध्ये आम्ही काय बघायला यायचं? गॅदरिंग?"

मला वाटतं या सगळ्या विषयातला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न हा आहे. लग्नाच्या प्लॅनिंगवाल्या रील्समध्ये याचं उत्तर नसतं. तिथे फक्त फुलांची कमान असते.

ते आले तेव्हा मी मुद्दाम आदल्या आठवड्यात घरी गेले. येण्याआधी कसब्याच्या गणपतीला पहिली पत्रिका ठेवून आले होते. काकांनी चहा झाल्यावर विचारलं, "तू लग्न लावणार म्हणे. तुझं स्वतःचं झालंय का?"

म्हटलं, "नाही काका."

"बरं. मला एक सांग. उद्या काही झालं, तर माझ्या मुलीच्या हातात काय असेल?"

काकांचा समज असा होता की फेब्रुवारीतलं ते ऑफिसातलं काम, आणि मळ्यातलं ते खरं लग्न, म्हणजे मुलीला आधार देणारं. मी फेब्रुवारीतलं विवाह प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, काका, आधार हा आहे. नवऱ्याला अचानक काही झालं आणि तो बोलू शकत नसेल, तर २०२३ पासून जर्मन कायद्यात जोडीदाराला सहा महिन्यांपर्यंत त्याच्या उपचारांचे निर्णय घेता येतात. तो गेला तर वारसा हक्क आहे. वेगळं व्हायची वेळ आली तर लग्नाच्या काळात दोघांनी कमावलेला पेन्शनचा हक्क साधारणपणे वाटून मिळतो, संपत्तीत जी भर पडली तिचा हिशोब होतो. तिची नोकरी सुटली तरी राहण्याचा परवाना या नात्यावर मागता येतो. यातलं काहीही मी मळ्यात बोलणार त्या शब्दांनी मिळत नाही. नुसतं बरोबर राहिल्याने इथे कोणी आपोआप नवरा-बायको होत नाही.

काकांनी कागद उलटसुलट बघितला. जर्मन कळत नव्हतं, पण शिक्का बघितला. मग म्हणाले, "म्हणजे हे पक्कं आहे. छान. पण ती 'हो' म्हणाली ते मी ऐकलं नाही ना."

मंडळी, माझी अख्खी स्क्रिप्ट त्या वाक्याने बदलली. तोपर्यंत मी प्रेमकथा लिहीत होते, कुठे भेटले, पहिली डेट, तो कसा वरण-भात शिकला. सगळं गोड. पण काकांना गोष्ट नको होती, त्यांना साक्षीदार व्हायचं होतं. श्टांडेसआम्टला साक्षीदार नसले तरी चालतात, आणि आमच्या समारंभाकडे मात्र साक्षीदारांशिवाय दुसरं काहीच नव्हतं. आपल्याकडे अग्नीच्या साक्षीने म्हणतात, ते उगाच नाही.

'पण तू कोण लग्न लावणारी', हा प्रश्नही मला आला, काकांकडून नाही, एका दूरच्या नातेवाइकांकडून. त्यांना मी पुण्याचीच उदाहरणं दिली. सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ ला लागलं, भटजीशिवाय. जर्मनीचा तो कायदा व्हायच्या जवळपास सव्वा वर्ष आधी! जोतीराव फुल्यांनी मंगलाष्टकं मराठीत लिहिली, १८८७ मध्ये पूजाविधींसह ती पुस्तिकेत आली. त्यात वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, एकमेकांना वचन देतात, आणि ते सगळ्यांना कळेल अशा भाषेत. ज्ञान प्रबोधिनीच्या स्त्री पुरोहित तर पुण्यात कितीतरी जणांनी पाहिल्या असतील. मी त्यांच्या पंक्तीत बसत नाही, माझा अभ्यास तेवढा नाही. पण बाईने लग्न लावणं किंवा कळणाऱ्या भाषेत लावणं, हे काही जर्मनीने शिकवलेलं नाही.

आता प्रत्यक्ष काम. मी दोघांना वेगवेगळं भेटले, प्रत्येकी दोन तास. एकत्र बसवलं की एक बोलतो आणि दुसरा मान डोलावतो, म्हणून वेगळं. विचारलं काय? पैशावरून भांडण कधी झालं. आई-वडील म्हातारे झाले की कोण कुठे जाणार. मुलं हवीत का. पुणे की स्टुटगार्ट. ही उत्तरं समारंभात वाचायची नसतात, पण वचनं त्यातूनच येतात. 'मी तुझ्यावर सदैव प्रेम करीन' हे मी दोघांच्याही मसुद्यातून काढायला लावलं. ते मोजता येत नाही. त्याऐवजी ती म्हणाली की दर वर्षी नाताळ तुझ्या आईकडे, कुरकुर न करता. तो म्हणाला की तुझ्या बाबांना बरं नसेल तर तू एकटी विमानात बसणार नाहीस. काकांसाठी मी हे वाक्य मराठीत पुन्हा सांगितलं. काका चष्मा पुसायला लागले. (चष्म्याला काही झालेलं नव्हतं.)

सप्तपदी ठेवली. पारंपरिक सात पावलांत अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू आणि शेवटी सख्य येतं. मुलांबद्दल दोघांचं ठरलेलं नव्हतं, म्हणून पाचव्या पावलाला 'आपल्यावर अवलंबून असणारी माणसं' असं घेतलं. होम नाही, कारण मळ्याच्या मालकाने उघड्या आगीला सक्त नकार दिला, जूनमध्ये गवत वाळलेलं. समई लावली, ती वाऱ्याने तीनदा विझली, शेवटी काचेच्या बरणीत पणती ठेवली.

कन्यादान मुलीला नको होतं. 'मी वस्तू नाही', हे तिचं म्हणणं. काकांना ते मनातून हवं होतं, ते बोलले नाहीत, पण कळत होतं. माझं मत मी तिच्या बाजूने दिलं आणि तसं काकांना सांगितलंही. मग आंतरपाट ठेवायचं ठरलं आणि तो दोन्ही वडिलांनी धरला. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला सव्वासहा फुटी जर्मन सासरे. आंतरपाट तिरका! मावशीने मंगलाष्टकं स्वतः रचली होती, चालीत पक्की, जर्मन पाहुण्यांच्या गावासकट. प्रत्येक कडव्यानंतर 'सावधान' आलं की अक्षता. 'सावधान'चं जर्मन मी 'आख्टुंग' असं केलं, तेव्हा अख्खा जर्मन गट हसला, कारण ते इथे रस्ता खणलेला असला की लिहितात. मग मी समर्थ रामदास त्या शब्दावर मांडवातून निघून गेल्याची गोष्ट सांगितली. नवऱ्याचा भाऊ ओरडला, "फाटक बंद करा!"

भाषा हा सगळ्यात अवघड भाग. मराठी, जर्मन, इंग्रजी. प्रत्येक वाक्य तीनदा म्हटलं तर लोक झोपतात. मी मुख्य धागा जर्मनमध्ये ठेवला, वचनं ज्याची त्याच्या भाषेत, आणि आई-बाबांच्या हातात छापील मराठी पान. सगळं मिळून चाळीस मिनिटं. त्याहून लांबवू नका. उन्हात नऊवारी नेसून उभं राहणाऱ्या माणसाचा विचार करा.

आणि एक गोष्ट मी कुणालाही सांगेन, माइक हातात घेणाऱ्याने पहिल्या मिनिटात खरं सांगून टाकावं. माझं पहिलं वाक्य होतं, "कायद्याने हे दोघं फेब्रुवारीत पती-पत्नी झाले, आज ते तुमच्यासमोर एकमेकांना 'हो' म्हणणार आहेत." 'मी तुम्हाला पती-पत्नी घोषित करते' असं म्हणायचा मोह होतो, टाळ्या पडतात. पण तो अधिकार माझा नाही, आणि ज्यांनी फेब्रुवारी चुकवला त्यांच्यासमोर तो सोंगासारखा वाटला असता. दोघांनी 'हो' म्हटलं ते मात्र मी माइक पुढे धरून, शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही ऐकू जाईल असं म्हणवून घेतलं. तिने मराठीत म्हटलं. काका पुढच्या रांगेत होते.

हे खरं सांगणं नुसतं तत्त्व नाही. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने समुद्रकिनाऱ्यावर पॅकेजमधलं लग्न केलं, सोनेरी किनारीचं सुंदर प्रमाणपत्र मिळालं, आणि तेच घेऊन बायकोच्या व्हिसासाठी अर्ज केला. ते निव्वळ स्मरणचिन्ह होतं. अर्ज फेटाळला गेला, पुन्हा कागद जमवून सरकारी लग्न करेपर्यंत जवळपास वर्ष दोघं दोन देशांत. म्हणून पॅकेज घेताना विचारा की या देशाच्या सरकारी नोंदवहीत आमचं नाव चढणार का, आणि कोण चढवणार? उत्तर गुळमुळीत आलं तर सरकारी लग्न आधी, वेगळं, स्वतः उरकून घ्या.

आता तुमचे दोन प्रश्न, मग थांबते.

"पैसे घेतलेस का?" नाही. काकूंनी ओटी भरली आणि सासऱ्यांनी सहा बाटल्या रीसलिंग दिली. दक्षिणा म्हणा.

दुसरा प्रश्न नाशिकहून आलाय: "मी भारतात माझ्या मित्राचं आंतरधर्मीय लग्न असं लावू शकतो का?" लावू शकतोस, आणि तुला जर्मनीपेक्षा सोपं जाईल. विशेष विवाह कायदा, १९५४ बघ. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला हवा, मग नोटीस, मग तीस दिवसांची वाट. लग्न कुठल्याही पद्धतीने लावता येतं, अट एवढीच की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायद्यात दिलेलं ते वाक्य म्हणायचं, 'मी तुला माझा कायदेशीर पती, किंवा पत्नी, म्हणून स्वीकारतो' अशा अर्थाचं. आणि ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते, जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या ठिकाणी बोलावण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. म्हणजे अधिकारी, आंतरपाट आणि मित्राचे बाबा एकाच मांडवात असू शकतात. फक्त हॉलचा ॲडव्हान्स देण्याआधी नोटिशीचे तीस दिवस मोजून घे, आणि तारखेआधी कार्यालयात जाऊन विचारून ये.

चला, पुढच्या भागात भेटू. प्रश्न पाठवत राहा.